रंगाखालचा पत्रा : विंटेज मोटार घेण्यापूर्वी

विंटेज मोटार पाहायला गेलेला ग्राहक बहुधा सर्वांत आधी बॉनेट उघडायला लावतो, इंजिन सुरू करून पाहतो आणि त्याचा आवाज कानाला बरा वाटला की निम्मा व्यवहार मनातल्या मनात उरकून टाकतो. तपासणीचा हा क्रम नेमका उलटा आहे, कारण इंजिन कितीही थकलेले असले तरी कसबी मिस्त्री ते खोलून, बोअर करून, रिंग-पिस्टन बदलून पुन्हा उभे करू शकतो. त्याच्या खर्चाचा अंदाज आधी काढता येतो आणि तो सहसा फार चुकत नाही. हरवलेले आरसी बुक, खाडाखोड झालेला चॅसिस क्रमांक, आतून कुजलेला पत्रा आणि जागेवर नसलेली एखादी क्रोमची पट्टी यांचे मात्र तसे नसते. त्यांतील काही गोष्टी पैसे मोजूनही परत मिळत नाहीत, आणि ज्या मिळतात त्यांच्यापायी कधी कधी मोटारीच्या किमतीहून अधिक रक्कम घालावी लागते. म्हणून अशा मोटारीची परीक्षा कागदांपासून सुरू व्हावी, त्यानंतर तिची ओळख, मग पत्रा आणि सुटे भाग पाहावेत, आणि इंजिनाची पाळी शेवटी यावी.

कोणती मोटार विंटेज म्हणायची, हे भारतात आता केवळ हौशी मंडळींच्या मर्जीवर राहिलेले नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेले, मूळ रूपात जपलेले आणि चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिन यांत भरीव फेरफार न झालेले दुचाकी वा चारचाकी वाहन म्हणजे विंटेज वाहन, अशी व्याख्या तीत घालून दिली. चॅसिस म्हणजे मोटारीचा खालचा सांगाडा आणि बॉडी शेल म्हणजे दारे, बॉनेट, डिकी वगळून उरणारी पत्र्याची मूळ घडण. हौशी क्लबांच्या व्याख्या याहून निराळ्या आहेत. ब्रिटनमध्ये १९३४ साली स्थापन झालेला व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब १९३० अखेरपर्यंतच्याच मोटारींना विंटेज मानतो, दरवर्षी लंडनहून ब्रायटनला जाणाऱ्या प्रसिद्ध फेरीत १९०५ पूर्वीच्या ‘व्हेटरन’ मोटारींनाच प्रवेश मिळतो, तर ‘फिवा’ ही आंतरराष्ट्रीय संघटना ३० वर्षांचे, जतन केलेले आणि रोजच्या वाहतुकीत नसलेले वाहन ऐतिहासिक समजते. विक्रेते यांतील सोयीची व्याख्या उचलतात, आणि १९८५ ची प्रीमियर पद्मिनीही ‘विंटेज’ म्हणून विकायला निघते. ती हौसेने घेण्यासारखी मोटार असेलही, पण कायद्याच्या सवलती तिला आज लागू होत नाहीत, आणि तिच्या किमतीत त्या सवलतींचे पैसे मोजण्याचेही कारण नाही.

या व्याख्येला व्यावहारिक महत्त्व आहे, कारण तिच्यामुळे ग्राहकापुढे दोन वाटा उभ्या राहतात. पहिली वाट नेहमीच्या नोंदणीची आहे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे चालते आणि पुढे दर ५ वर्षांनी आरटीओची तपासणी होऊन तिचे नूतनीकरण होते. असे नूतनीकरण, विमा, प्रदूषण तपासणीचा दाखला आणि १५ वर्षांनंतर लागू होणारा हरित कर हे सारे वेळच्या वेळी झालेले असेल, तर पन्नाशी उलटलेली मोटारही महाराष्ट्रात रस्त्यावर रोज चालवता येते. दुसरी वाट विंटेज नोंदणीची. नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये शुल्क असून ती १० वर्षे चालते, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये पडतात, आणि ज्या वाहनाला नव्याने क्रमांक द्यायचा त्याच्या पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात; आधीच नोंदलेल्या मोटारीला तिचा जुना क्रमांक ठेवता येतो. मात्र ही नोंदणी झाली की मोटार नित्याच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज मोटारींची रॅली, तसेच इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी तिला मुभा असते. रविवारी सकाळी कुटुंबासह लोणावळ्याला जाऊन येण्याचा ज्यांचा बेत आहे, त्यांनी दुसऱ्या वाटेचा विचार करण्यापूर्वी ही अट नीट वाचावी. मोटार कशासाठी हवी, हे ठरल्याशिवाय कोणती मोटार चालेल हे ठरत नाही, आणि पुष्कळ खरेदीदार हा प्रश्न स्वतःला मोटार दारात आल्यावर विचारतात.

कागद पाहताना पहिली गोष्ट आरसी बुक, म्हणजे नोंदणीचे पुस्तक. समोर उभा असलेला विक्रेता आणि पुस्तकातील मालक एकच आहेत का, हा प्रश्न भाबडा वाटला तरी जुन्या मोटारींच्या व्यवहारात सर्वाधिक घोळ इथेच होतो. मोटार आजोबांच्या नावावर असते, आजोबांना जाऊन तीन दशके झालेली असतात, मुलांनी ती आपल्या नावावर करून घेतलेली नसते आणि विकायला निघालेला असतो एक नातू. मालकाच्या मृत्यूनंतर वाहन वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ चा अर्ज लागतो, त्यासोबत मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती जोडावी लागते. काका, आत्या आणि परदेशी स्थायिक झालेले चुलतभाऊ यांपैकी एकाची सही राहिली तरी प्रकरण अडते. अशा वेळी आधी वारसाच्या नावावर मोटार होऊ द्यावी आणि मगच फॉर्म २९ व ३० भरून, म्हणजे विक्रीची सूचना व हस्तांतरणाचा अर्ज देऊन, ती आपल्या नावावर घ्यावी, हाच सुरक्षित मार्ग आहे. ‘कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ठेवल्या आहेत’ हे दलालाचे आश्वासन मुळीच स्वीकारू नये. मोटार दुसऱ्या राज्यातून येत असेल तर तेथील आरटीओचा ना-हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, हाती आल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नयेत.

आरसी बुकाच्या बाबतीत आणखी काही नोंदी डोळ्यांखालून घालाव्या लागतात. कर्जाऊ घेतलेल्या मोटारीवर बँकेचा किंवा वित्तसंस्थेचा बोजा, ज्याला हायपोथिकेशन म्हणतात, तो चढवलेला असतो. कर्ज कधीच फिटलेले असते, पण बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ कोणी दिलेला नसतो आणि दरम्यान ती वित्तसंस्थाच बंद पडलेली किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन झालेली असते. रंग, इंधन आणि आसनसंख्या यांच्या नोंदी समोरच्या मोटारीशी जुळतात का, हेही पाहावे. पेट्रोल महाग झाल्यानंतरच्या काळात भारतात कित्येक मोठ्या अमेरिकन मोटारींमध्ये डिझेल इंजिने बसवली गेली. तो त्या काळचा व्यवहारी तोडगा होता, परंतु आज तशी मोटार विंटेज व्याख्येच्या बाहेर पडण्याचा धोका असतो, आणि इंजिन बदलल्याची नोंदच पुस्तकात नसेल तर नेहमीच्या नोंदणीचाही प्रश्न उभा राहतो. १ जुलै १९८९ रोजी नवा मोटार वाहन कायदा अमलात आल्यानंतर ‘एमएच-०१’ अशा धर्तीचे क्रमांक रूढ झाले. त्यापूर्वीच्या क्रमांकांत तीन रोमन अक्षरे आणि पुढे आकडे असत. जुन्या धाटणीचा मूळ क्रमांक टिकून असणे हे मोटार फार फिरलेली नसल्याचे चांगले लक्षण आहे, मात्र अशा जुन्या नोंदी संगणकीकृत ‘वाहन’ प्रणालीत चढलेल्याच नसतात असेही पुष्कळदा आढळते. तेव्हा विक्रेत्याच्या हातातील पुस्तकावर विसंबून न राहता आरटीओच्या मूळ नोंदवहीचा उतारा काढून घ्यावा आणि ऑनलाइन नोंद करून देण्याची जबाबदारी व्यवहारापूर्वीच विक्रेत्यावर टाकावी.

कागद खरे निघाले तरी ते याच मोटारीचे आहेत, हे अजून सिद्ध व्हायचे असते. प्रत्येक मोटारीला दोन मुख्य क्रमांक असतात : एक चॅसिसवर किंवा बॉडीच्या मजबूत भागावर ठोकलेला आणि दुसरा इंजिनाच्या ब्लॉकवर. बॉनेटखाली रिव्हेट मारून बसवलेली कंपनीची पाटी दिसते, पण पाटी उचलून दुसऱ्या मोटारीला लावता येते, म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नये. ठोकलेला क्रमांक शोधून, त्यावरचे ग्रीस आणि मळ रॉकेलच्या फडक्याने पुसून, त्यावर पातळ कागद धरून पेन्सिलने घासले की अक्षरांचा ठसा कागदावर उमटतो. आरटीओच्या अर्जांवर लागणारी ‘चॅसिस प्रिंट’ हीच. या ठशात अक्षरांची उंची कमीजास्त दिसत असेल, आकडे एका ओळीत नसतील, भोवतालचा पत्रा ग्राइंडरने घासल्यासारखा पातळ झाला असेल किंवा क्रमांकाच्या चौकटीभोवती वेल्डिंगची रेघ असेल, तर तिथेच थांबणे शहाणपणाचे. भंगारात गेलेल्या मोटारीची कागदपत्रे विकत घेऊन ती दुसऱ्याच मोटारीला चिकटवण्याचा उद्योग जुनाच आहे, आणि चोरीची मोटार निघाली तर खरेदीदाराचे पैसे व मोटार दोन्ही जातात.

ओळखीचा हा प्रश्न किती खोल जाऊ शकतो, याचे उत्तम उदाहरण लंडनच्या उच्च न्यायालयाने १९९० मध्ये निकालात काढलेल्या एका दाव्यात सापडते. बेंटली कंपनीची ‘स्पीड सिक्स’ जातीची एक मोटार, जी ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने ओळखली जाते, तिने फ्रान्समधील ल मान्स येथील २४ तासांची शर्यत १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षे जिंकली होती. पुढे तिच्यात सतत बदल होत गेले. १९३२ साली इंग्लंडमधील ब्रुकलँड्स येथे अधिक मोठे, आठ लिटरचे इंजिन बसवलेल्या अवस्थेत ती शर्यतीच्या धावपट्टीच्या तिरक्या चढाच्या वरच्या कडेवरून खाली कोसळली, चालक क्लाइव्ह डनफी त्या अपघातात दगावला, आणि नंतर ती निराळ्या बॉडीसह पुन्हा उभारली गेली. सहा दशकांनी ती १ कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला तेव्हा खरेदीदाराने, ही शर्यत जिंकलेली मोटार उरलेलीच नाही, असे म्हणत माघार घेतली. न्यायमूर्ती ऑटन यांनी एकेका भागाचा इतिहास तपासला. शर्यतीच्या वेळच्या मूळ भागांपैकी फारच थोडे शिल्लक असल्याचे त्यातून दिसून आले, तरीही मोटारीचे अस्तित्व अखंड राहिले आहे, मध्येच ती नाहीशी होऊन तिच्या जागी दुसरी उभी केलेली नाही आणि या नावावर हक्क सांगणारी अन्य मोटारही नाही, या आधारावर त्यांनी विक्रेत्याच्या बाजूने निकाल दिला. या निकालातून ग्राहकाने उचलायचा मुद्दा असा, की भाग बदलले जाणे हा दोष नव्हे, बदल केव्हा आणि कसे झाले हे सांगता न येणे हा दोष आहे. गॅरेजची जुनी बिले, विम्याच्या पावत्या, लग्नाच्या वा सहलीच्या अल्बममधील मोटारीचे फोटो असा पुरावा मोटारीसोबत येत असेल तर त्याचे मोल नव्या रंगकामाहून अधिक धरावे.

भारतात हा मुद्दा संस्थानिकांच्या मोटारींच्या बाबतीत विशेष लागू होतो. कोल्हापूरच्या शाही दसऱ्यात छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार लोक आजही पाहतात. तिची परंपरा उघड आणि अखंड आहे. त्याउलट बाजारात ‘अमुक महाराजांची’ म्हणून येणाऱ्या मोटारींपैकी अनेकींच्या मागे विक्रेत्याच्या तोंडी कथेखेरीज काहीच नसते. रोल्स-रॉइससारखी कंपनी दुसऱ्या महायुद्धापर्यंत केवळ चालते चॅसिस विकत असे आणि त्यावरची बॉडी हूपर, बार्कर, थ्रप अँड मेबर्ली यांसारखे कोचबिल्डर, म्हणजे मोटारीची बॉडी हाताने घडवणारे कारखानदार, ग्राहकाच्या फर्माईशीनुसार बनवीत. कोणत्या क्रमांकाचे चॅसिस कोणत्या कोचबिल्डरकडे आणि कोणत्या ग्राहकासाठी गेले, याच्या नोंदी कंपनीने ठेवल्या होत्या व त्या इंग्लंडमधील रोल्स-रॉइस एन्थुझिअस्ट्स क्लबकडे जपलेल्या आहेत. मॉरिस आणि ऑस्टिनसारख्या ब्रिटिश मोटारींच्या कारखाना-नोंदींवरून गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम दाखले देते. चॅसिस क्रमांक कळवून थोडे शुल्क भरले की कथेची शहानिशा होते. एवढे करायला विक्रेता आडकाठी आणत असेल, तर कथेचे पैसे त्याला देऊ नयेत.

अर्थात महाराष्ट्रातील सामान्य हौशी ग्राहकाची पहिली विंटेज मोटार रोल्स-रॉइस नसते. ती बहुधा फियाट असते. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० ही मोटार १९५० च्या दशकात बनू लागली. गोलसर नाकाची आणि पुढच्या दरवाजांना मागच्या बाजूला बिजागरी असलेली तिची सुरुवातीची आवृत्ती ‘डुक्कर फियाट’ या नावाने आजही ओळखली जाते. १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली, १९७० च्या दशकात तीच मोटार आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग प्रीमियर पद्मिनी झाली, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर राहिली. या दीर्घ आयुष्याचा ग्राहकाला मोठा फायदा असा, की १,०८९ सीसी इंजिनाचे, क्लचचे आणि ब्रेकचे भाग अजून मिळतात व ती मोटार डोळे मिटून खोलू-जोडू शकणारे मिस्त्री अजून हयात आहेत. तोटाही त्यातूनच जन्मतो. ऐंशीच्या दशकातील पद्मिनीला जुने ग्रिल, जुने दिवे आणि जुनी बोधचिन्हे लावून ‘डिलाइट’ म्हणून उभे करणे अवघड नसते. पहिल्या नोंदणीची तारीख आणि ठोकलेला चॅसिस क्रमांक एवढ्याच गोष्टी हे सोंग उघडे पाडतात.

यानंतर पत्रा, आणि इथे घाई करू नये. बहुतेक युद्धपूर्व मोटारींत शिडीसारखे स्वतंत्र चॅसिस असे व बॉडी त्यावर बोल्टने बसवलेली असे, त्यामुळे बॉडी कुजली तरी सांगाडा शाबूत राहू शकतो. फियाट ११०० किंवा अॅम्बेसेडर यांची रचना ‘मोनोकॉक’ प्रकारची आहे, म्हणजे तिच्यात वेगळे चॅसिस नसून फ्लोअर, दारांखालचे पोकळ पत्र्याचे पट्टे आणि खांब हे सारे मिळूनच मोटारीचा भार पेलतात. दारांखालच्या या पट्ट्यांना सिल म्हणतात, आणि ते आतून गंजले तर मोटार मधोमध दबते, दारे घासू लागतात आणि नवा रंग त्यावर काहीही करू शकत नाही. गंजाचा हिशेब मोटार कुठे राहिली यावरही ठरतो. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत दहा पावसाळे उघड्यावर काढलेल्या मोटारीपेक्षा मराठवाड्यातील कोरड्या गावी वाड्याच्या ढेलजेत तीस वर्षे उभी राहिलेली मोटार पत्र्याच्या दृष्टीने बहुतेक वेळा सरस निघते, मग तिचे इंजिन जाम झालेले का असेना.

तपासणी प्रत्यक्ष अशी करावी. मोटार दिवसाउजेडी, कोरडी असताना पाहावी. नुकतीच धुतलेली ओली मोटार रंगातले सारे दोष लपवते. समोरच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत नजर एका रेषेत धरून बाजूचे प्रतिबिंब पाहिले असता ते जिथे लाटेसारखे हलते तिथे खाली पुट्टी भरलेली असते. मऊ फडक्यात गुंडाळलेले लहानसे चुंबक दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या मडगार्डच्या कमानी आणि सिल यांवरून फिरवावे. ते जिथे पकड सोडते तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे असे समजावे, मात्र काही मोटारींच्या बॉडीत अॅल्युमिनियम वापरलेले असते आणि तिथे चुंबक चिकटणारच नाही, हे ध्यानात ठेवावे. पायपुसणी आणि खालचे जाजम उचलून फ्लोअर बोटांनी दाबून पाहावा, डिकीतील स्टेपनीचा खड्डा, बॅटरीखालचा ॲसिडने खाल्लेला पत्रा, काचेच्या रबराखालची कड आणि पुढच्या चाकामागे मडगार्डच्या आत चिखल साचणारी बेचकी यांत टॉर्च मारून डोकावावे. प्रत्येक दार उघडून किंचित वर उचलून पाहावे. ते हलत असेल तर बिजागरीची पिन झिजली आहे, आणि बंद करताना वर ढकलावे लागत असेल तर खांब किंवा सिल खचला असण्याची शक्यता असते. शक्य असल्यास मोटार गॅरेजच्या खड्ड्यावर घ्यावी. तळाला सगळीकडे नुकताच मारलेला जाड काळा डांबरी लेप दिसला तर तो गंजापासून रक्षणासाठी आहे की गंज झाकण्यासाठी, याचे उत्तर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने मिळते. युद्धपूर्व कोचबिल्ट मोटारींत पत्र्याच्या आत लाकडी चौकट असते, आणि आपल्याकडे तिला कुजण्याइतकाच वाळवीचा धोका असतो. दारांच्या कडांतून भुसा झडत असेल तर सुताराचे काम पत्रेकामाहून मोठे निघते.

सुट्या भागांची गणती कंटाळवाणी असली तरी तीच पुढे खिसा वाचवते. दिव्यांच्या काचा, डॅशबोर्डवरील मीटर, मूळ स्टिअरिंग, दारांच्या मुठी, काच वर-खाली करण्याची हँडले, हबकॅप, बंपरचे गुटके, बोधचिन्हे, जॅक आणि हत्यारांची पिशवी अशी यादी त्या मॉडेलच्या जुन्या पुस्तिकेवरून किंवा त्याच मॉडेलच्या अखंड मोटारीच्या फोटोंवरून आधीच करून न्यावी. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात हे भाग कधीमधी हाती लागतात, पण नेमका हवा तो भाग हवा तेव्हा मिळेल यावर कोणी हिशेब बांधू नये. म्हणूनच, रंग उडालेली पण अखंड मोटार ही चकचकीत पण अर्धवट मोटारीपेक्षा नेहमी स्वस्त पडते, विकत घेताना किंमत तीच असली तरी.

इंजिनाकडे वळताना ते थंड असावे, ही अट फोनवरच घालावी, कारण विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलेले इंजिन सुरू होण्यातली अडचण आणि पहिला धूर दोन्ही लपवते. पोहोचताच बॉनेटवर हात ठेवला की ही अट पाळली गेली का ते कळते. धुराची भाषा मिस्त्री मंडळींना पाठ असते : निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, गोडसर वासाचा न थांबणारा पांढरा धूर म्हणजे रेडिएटरचे पाणी सिलिंडरमध्ये शिरते आहे, काळा धूर म्हणजे कार्ब्युरेटर जास्त पेट्रोल सोडतो आहे. ऑइलच्या झाकणाखाली कॉफीसारखा फेस असेल तर हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाचे डोके आणि ब्लॉक यांमधली पट्टी, फुटल्याचा संशय घ्यावा. कॉम्प्रेशन गेजने प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. दाब एकूण थोडा कमी असण्यापेक्षा एखादाच सिलिंडर इतरांच्या तुलनेत दहा टक्क्यांहून अधिक मागे असणे वाईट. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजल्यावर दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, न वाढल्यास व्हॉल्व्ह गळतो आहे. वर्षानुवर्षे उभी असलेली मोटार ‘एक धक्का मारून’ सुरू करण्याचा आग्रह मात्र धरू नये, कारण गंजून चिकटलेल्या रिंगा अशा वेळी तुटतात.

चालवून पाहण्याची संधी मिळाली तर स्टिअरिंग किती मोकळे फिरते, ब्रेक दाबल्यावर मोटार एका बाजूला ओढते का आणि गिअर आपोआप सुटतो का, एवढे तरी पाहावे. चाक जॅकवर उचलून वरून-खालून धरून हलवले की किंगपिनची, म्हणजे ज्या खुंटावर पुढचे चाक वळते त्याची, झीज कळते. जुन्या मोटारींत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअरची चाके जुळवून घेणारी रचना, बहुधा नसते, तेव्हा चालू मोटारीत पहिला गिअर टाकताना झालेली खरखर हा दोष समजू नये. टायर वरून नवे दिसले तरी त्यावरचा चार आकडी आठवडा-वर्षाचा छाप वाचावा. वायरिंगवरचे कापडी वेष्टण भुगा होत असेल तर ते सगळेच बदलावे लागते, आणि १९६० च्या दशकापर्यंतच्या कित्येक ब्रिटिश मोटारींत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, हे माहीत नसलेल्या इलेक्ट्रिशियनच्या हाती अशी मोटार देऊ नये.

एक बाब गेल्या काही वर्षांत नव्याने उपटली आहे. भारतातील पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि इथेनॉल हवेतील ओलावा शोषते व जुन्या रबराला मऊ किंवा ठिसूळ करते. १९६० च्या दशकातील पेट्रोल पंपाचा पडदा, नळ्या, कार्ब्युरेटरमधली वॉशरे यांची घडणच या इंधनासाठी झालेली नव्हती, त्यामुळे हे सर्व भाग नव्या प्रकारच्या रबराचे बसवले आहेत का हे विचारावे, पेट्रोलचा वास येणारा सांधा शोधावा आणि टाकीत गंज आहे का हे झाकण उघडून पाहावे. त्याआधी, फेब्रुवारी २००० मध्ये, देशभरातून शिसेयुक्त पेट्रोल हद्दपार झाले. शिशाच्या थरामुळे ओतीव लोखंडी हेडमधील व्हॉल्व्हच्या बैठकीची झीज रोखली जाई, तेव्हा अशा हेडच्या इंजिनात कठीण धातूच्या बैठका बसवून घेतल्या असतील तर ते काम जमेच्या बाजूला धरावे.

‘फुल्ली रिस्टोअर्ड’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या मोटारीकडे अधिक संशयाने पाहणे रास्त आहे. जुनी मोटार नीट उभी करायची तर रंग खरवडून पत्रा उघडा करावा लागतो, कुजलेले तुकडे कापून नवे जोडावे लागतात, आणि हे काम करवून घेणारा मालक प्रत्येक टप्प्याचे फोटो काढून ठेवतोच. उघड्या पत्र्याचे फोटो आणि बिले नसतील, तर मोटारीवर झाले ते केवळ रंगकाम, असे गृहीत धरून किंमत बोलावी. किमतीचा आधार म्हणून जाहिरातींतील आकडे घेऊ नयेत, कारण ते मागणीचे आकडे असतात, व्यवहाराचे नव्हेत. त्याच मॉडेलच्या दोन-तीन मालकांना आणि ती मोटार हाताळणाऱ्या मिस्त्रीला विचारून, हव्या असलेल्या कामांचा अंदाज लेखी घेऊन, तो बोललेल्या रकमेतून वजा करणे हा रोखठोक मार्ग आहे. मिस्त्री विक्रेत्याने सुचवलेला नसावा, हे वेगळे सांगायला नको.

सौदा ठरल्यावर रक्कम बँकेमार्फत द्यावी, पावतीवर चॅसिस व इंजिन क्रमांक लिहून घ्यावेत आणि मोटारीसोबत देऊ केलेल्या सुट्या भागांची यादी त्याच पावतीला जोडावी. हस्तांतरणाची सूचना खरेदीदाराने ३० दिवसांच्या आत आरटीओला द्यायची असते. विमा तोवर जुन्या मालकाच्या नावावर असेल तर तो बदलून घेण्यापूर्वी, आणि ब्रेकची नळी नव्याने तपासून घेण्यापूर्वी, मोटार घरी नेण्यासाठी सपाट ट्रेलर भाड्याने घ्यावा. त्याचे भाडे या संपूर्ण व्यवहारातील सर्वांत लहान रक्कम असते आणि ती वाचवण्याच्या नादात पहिल्याच घाटात ब्रेक गेल्याची उदाहरणे प्रत्येक गॅरेजात ऐकायला मिळतात.